नांदूर मध्यमेश्वरला बदकांची कुटुंबं कशी पाहायची: नवख्यांसाठी

डिसेंबरातल्या कुठल्याही रविवारी नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात, खाणगाव थडीला पाण्याकाठी उभे राहा, एक प्रश्न कानावर पडतोच. आईबाबांबरोबर आलेलं एखादं पोर दुर्बिणीला डोळा लावतं, समोर पसरलेली बदकं बघतं आणि विचारतं, “यांची पिल्लं कुठंयत?” मोठी माणसं एकमेकांकडे पाहतात. मग कोणीतरी म्हणतं, घरट्यात असतील.

घरट्यात नसतात. त्यातल्या बहुतेक बदकांची घरटी इथून हजारो किलोमीटरवर होती, सायबेरियात नाहीतर कझाकस्तानच्या गवताळ पाणथळीत, आणि तीही जून-जुलैत. पिल्लं मात्र समोरच आहेत. ती आईएवढी झालीत, दिसतातही आईसारखी, आणि आई बहुधा त्यांच्यासोबत नाही. त्या पोराला हे उत्तर कुणीतरी नीट द्यायला हवं असं मला फार वाटतं. बदकांचं कुटुंब आपल्यासारखं वर्षभर एका छपराखाली नसतं. कुठल्या जातीत कोण कोणासोबत राहतं आणि कधीपर्यंत, एवढं कळलं की समोरच्या थव्यातली नाती दिसायला लागतात.

आधी घरचे कोण आणि पाहुणे कोण

हे काम घरी बसून करायचं. चार नावं घरच्यांची पाठ करा, चार पाहुण्यांची.

घरची म्हणजे हळदी-कुंकू बदक, अडई, काणूक आणि नकटा. ही पाऊसपाण्याप्रमाणे थोडी इकडची तिकडे होतात, पण देश सोडत नाहीत, आणि पावसाळ्यात इथंच अंडी घालतात. पाहुण्यांमध्ये थापट्या, तलवार बदक, भुवई बदक आणि चक्रांग आधी शिका. भुवई बदक सगळ्यांत लवकर येतं, ऑगस्ट-सप्टेंबरातच. बाकीची दसरा-दिवाळीच्या आसपास. चक्रवाक हाही पाहुणाच, पण त्याच्या घरची रीत निराळी आहे, ती पुढे सांगतो.

सुरुवात हळदी-कुंकवापासून करा. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचा लाल ठिपका. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने किती जवळून आणि मायेने पाहिलं असेल! पोहताना पंखांपाशी एक पांढरा पट्टाही दिसतो, त्यामुळे लांबूनही चुकत नाही. नर-मादी दिसायला जवळपास सारखेच असतात.

वाट, वेळ आणि सामान

गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्याच्या फुगवट्यात गाळ साठत गेला, बेटं झाली, पाणकणीस वाढलं आणि पक्ष्यांना हवी तशी उथळ पाणथळ तयार झाली. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून जाहीर झाली. नाशिकहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने निघून चांदोरी-सायखेड्याकडून किंवा निफाडवरून जाता येतं. साधारण तासाभराचा रस्ता. खाणगाव थडी आणि चापडगाव या दोन बाजूंनी पाहणं सोयीचं पडतं. थडी म्हणजे काठ, हे गावाच्या नावातच आहे.

कुटुंबं पाहायची तर वर्षातून दोन फेऱ्या ठरवा. पहिली ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, घरच्या बदकांच्या पिल्लांसाठी. दुसरी डिसेंबर ते फेब्रुवारी, पाहुण्यांच्या जोड्यांसाठी. लोक फक्त दुसरीच करतात आणि अर्धी गोष्ट बघून परत जातात.

उजाडायच्या आत पोहोचा. जानेवारीत निफाडचा पारा किती उतरतो हे नाशिककरांना सांगायला नको. कानटोपी, हातमोजे आणि गरम चहाचा थर्मास हवाच. धुकं विरेपर्यंत पाण्यावरचं काही दिसत नाही, पण त्या वेळात कान उघडे ठेवले तर थापट्यांच्या चोचींची चपचप ऐकू येते. पावसाळ्यात अडचण वेगळी. काळ्या मातीत गाडी रुतते, म्हणून ती डांबरी रस्त्यावरच ठेवून चालत जा. ८×४२ ची साधी दुर्बीण पुरते. तिथले गावातलेच गाइड बरोबर घ्या, पैसे कमी करू नका. कोणत्या कोपऱ्यात कोणतं बदक पिल्लं घेऊन फिरतंय हे त्यांना रोजच्या रोज माहीत असतं. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका, आणि ड्रोनचं नावही काढू नका.

पावसाळ्यात आई शोधा

पिल्लं शोधत बसलात तर दिसणार नाहीत. शोधायचं एकटं वावरणारं, मान ताठ करून सारखं इकडेतिकडे बघणारं मोठं बदक. थव्यातली बदकं निवांत असतात, चोच पाठीत खुपसून झोपतात. पिल्लांची आई झोपत नाही. ती पाणकणसाच्या कडेकडेने सावकाश सरकते, थांबते, पुन्हा सरकते. अशी एखादी दिसली की तिच्या मागच्या गवतावर दुर्बीण रोखा आणि पाच मिनिटं हलू नका. गवत हललं की एक, मग दोन, मग सगळी रांग बाहेर येते.

तिथवर पोहोचायला त्या आईने काय केलेलं असतं ते माहीत असलं तर या रांगेकडे पाहण्याची नजर बदलते. हळदी-कुंकवाची मादी पाण्याजवळच्या दाट गवतात, कधी बांधावरच्या झुडपाखाली खळगा करते. रोज एक असं अंडं घालते, आठ-दहा दिवस. पण उबवायला बसत नाही! पहिल्या अंड्यावरच बसली असती तर पहिलं पिल्लू आठवडाभर आधी बाहेर आलं असतं आणि त्याच्यामागे जायचं की उरलेल्या अंड्यांवर बसायचं, असा पेच पडला असता. म्हणून ती सगळी अंडी होईपर्यंत थांबते. मग स्वतःच्या छातीची मऊ लव उपसून घरट्यात अंथरते आणि साधारण २४ दिवस बसते. चरायला उठते तेव्हा तीच लव अंड्यांवर ओढून घेते, म्हणजे ऊबही टिकते आणि वरून कावळ्याला अंडी दिसत नाहीत.

शेवटचा दिवस-दीड दिवस मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. कवच फुटायच्या आधीच पिल्लं आतून चिवचिवायला लागतात, आणि आई हलक्या आवाजात त्यांना ओ देते. जन्मायच्या आधी आईचा आवाज ओळखीचा झालेला असतो. बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जे हलतं-बोलतं समोर दिसेल त्याच्यामागे जायचं, असं त्यांच्या मेंदूत पक्कं बसतं. कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने हंसांच्या पिल्लांवर हे दाखवलं. पिल्लं त्याच्याच मागे चालत. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी त्याला १९७३ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की ताज्या पिल्लांच्या फार जवळ माणसाने जाऊ नये. त्यांचं मागे लागणं आईसाठी राखून ठेवलेलं आहे.

अंग वाळलं की दिवसभरात सगळी पाण्याकडे निघतात. आई त्यांना भरवत नाही. चिमणी-कावळ्यासारखी चोचीत चोच घालणं बदकांत नाही. पिल्लं पहिल्या दिवसापासून आपलं आपण खातात, आणि सुरुवातीला पानं-बिया नाही तर पाणकिडे, अळ्या, गोगलगायी. वाढीला तेच लागतं. आईचं काम म्हणजे चरायची जागा दाखवणं, पावसात आणि रात्री पंखाखाली घेणं आणि पहारा. वर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालायला लागला की ती एक आवाज काढते आणि पिल्लं क्षणात गवतात नाहीशी होतात.

काणूक आणि नकटा झाडाच्या ढोलीत घरटं करतात. तिथली पिल्लं दिवसभराची झाली की खाली उभ्या आईची हाक ऐकून थेट उडी टाकतात. अंगात वजन नसतं, लव दाट असते, म्हणून लागत नाही. अडईच्या घरी तर बापही कामाला असतो. नर आणि मादी दोघं आळीपाळीने अंडी उबवतात आणि दोघं मिळून पिल्लं वाढवतात. म्हणून पिल्लांच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक अशी दोन तांबूस, लांब मानेची, शीळ घालणारी बदकं दिसली तर ती अडई. हळदी-कुंकवात पिल्लांमागे फिरणं मुख्यतः आईचंच.

पिल्लांचं वय ओळखा, मग मोजा

नुसतं “पिल्लं दिसली” असं लिहून उपयोग नाही. अंगभर मऊ लव, शेपूट नाहीच म्हणावी इतकी छोटी आणि आकार कापसाच्या बोंडाएवढा असेल तर पिल्लू पहिल्या दोन-अडीच आठवड्यांतलं आहे. कुशीवर आणि शेपटीला पिसं फुटलीत, पण मानेवर अजून लव आहे, असं ओबडधोबड दिसत असेल तर तीन ते सहा आठवडे. सगळी पिसं आलीत पण पंख आखूड असल्याने उडता येत नाही, तर त्यापुढचं. दोन महिने होता होता ती उडायला लागतात.

मोजायचं ते तीनदा. पिल्लं बुडी मारतात, गवताआड जातात, एकमेकांच्या मागे लपतात. तीन वेळांत जो सर्वांत मोठा आकडा आला तो लिहा.

एका वर्षी सप्टेंबरात मी एका हळदी-कुंकवामागे तीन आठवडे होतो. पहिल्या दिवशी नऊ पिल्लं. काठावर शेळ्या घेऊन आलेल्या एक आजी माझं मोजणं बघत होत्या. म्हणाल्या, “मोजू नको रे बाळा, दृष्ट लागंल.” पुढच्या रविवारी सात होती. त्याच्या पुढच्या रविवारी वरच्या धरणांतून विसर्ग सुटला होता. गंगापूर-दारणेचं पाणी नांदूरच्या दरवाजांतून जायकवाडीकडे धावत होतं, आणि नेहमीचा कोपरा पाण्याखाली. मी पार उसाच्या कडेपर्यंत शोधलं. शेवटी एका चरात ती सापडली. पाठीमागे चार. आई चौघांना चराच्या उताराला चिकटवून स्वतः प्रवाहाच्या बाजूने उभी होती, आणि पाण्याचा लोट आला की तिचं अंग हिंदकळायचं पण जागा सोडायची नाही. ऑक्टोबरात ती चारही उडाली. नवातून चार टिकणं ही बदकांत चांगली गोष्ट आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी घरी येऊन गप्प बसलो होतो. अंडी इतकी का घालायची याचं उत्तर त्या चरात होतं.

घरटं किंवा पिल्लू सापडलं तर

हा भाग शेतकऱ्यांसाठी आणि बांधाने चालणाऱ्यांसाठी, तो जरा सावकाश वाचा.

घरटं दिसलं तर अंड्यांना हात न लावता मागे फिरा, आणि आलात त्याच वाटेने जा. गवत बाजूला सारून फोटो काढू नका. त्या फटीतून मुंगसाला आणि कावळ्याला वाट मिळते. शेतात असेल तर त्या ठिकाणी काठी न रोवता, दूरच्या एखाद्या झाडाची खूण धरून तेवढा तुकडा कापणीतून महिनाभर सोडा. चटईएवढी जागा लागते.

समोर एखादं बदक पंख ओढत, लंगडत, पडत-धडपडत निघालं तर त्याच्यामागे धावू नका. बहुतेक वेळा ते जखमी नसतं. पिल्लांपासून तुम्हाला लांब नेण्यासाठी आई सोंग करते. ती पुरेशी लांब गेली की भुर्रकन उडते. तुम्ही जिथे उभे आहात तिथेच, पायाशी, पिल्लं गवतात श्वास रोखून बसलेली असतील. पाय बघून टाका आणि मागे सरका.

एकटं पिल्लू दिसलं तरी लगेच उचलायचं नाही. आई बहुतेक जवळच असते आणि तुम्ही जाण्याची वाट बघते. ५० पावलं मागे जाऊन अर्धा-पाऊण तास थांबा. पिल्लं घमेल्यात घालून घरी आणलेली मी पाहिली आहेत. आणणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण पिल्लं दोन दिवसांत गेली. आईची ऊब आणि पाणकिडे घरात कुठून आणणार? आई मेलेली दिसली, किंवा तासभर कोणी आलं नाही, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. रानबदकं आणि त्यांची अंडी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत, घरी पाळणं गुन्हा ठरतो.

एक गोष्ट आपल्या भागाची. द्राक्षपट्ट्यात प्लास्टिकच्या कागदाची शेततळी खूप आहेत. पिल्लं पाणी बघून आत उतरतात, पण निसरड्या कागदावरून त्यांना वर येता येत नाही आणि दमून बुडतात. तळ्याच्या दोन कोपऱ्यांत काथ्याचा जाड दोर, जुनं जाळं किंवा शिवलेली पोती काठापासून पाण्यापर्यंत सोडून ठेवा. खर्च जवळपास काहीच नाही, आणि त्याच दोराने खारी, साप, कुत्र्याचं पिल्लू असं कोणीही बाहेर येऊ शकतं.

हिवाळ्यात जोड्या वाचा

ऑक्टोबरात पाहुणे येतात तेव्हा नवख्यांचा गोंधळ उडतो, कारण सगळीच बदकं भुरी. पुस्तकातला रंगीत नर सापडतच नाही. याचं कारण त्यांच्या उन्हाळ्यातल्या संसारात आहे. तलवार, थापट्या, चक्रांग यांच्यात मादी अंडी उबवायला बसली की नर निघून जातो. दुसऱ्या नरांबरोबर एखाद्या मोठ्या पाण्यावर गोळा होतो आणि तिथे त्याची उडायची सगळी पिसं एकदम झडतात. तीन-चार आठवडे त्याला उडता येत नाही. त्या काळात भडक रंग म्हणजे मरण, म्हणून तो मादीसारखा भुरा होतो, आणि तसाच भुरा आपल्याकडे येतो. डिसेंबरपर्यंत रंग परत येतात. पिल्लं उडायला लागली की आईही त्यांना सोडते. त्यामुळे इथे येणारं तरुण बदक आईचं बोट धरून आलेलं नसतं. दिशा त्याच्या रक्तात असते, आणि सोबत असते ती थव्याची.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत आई-पिल्लू शोधू नका, जोडी शोधा. थव्यातून जरा बाजूला, एकाच चालीने पोहणारी दोघं. ती वळली की तो वळतो, ती बुडी मारते तेव्हा तो मान वर करून बघत राहतो, आणि दुसरा नर जवळ आला की मान पुढे काढून त्याला हाकलतो. दोघं समोरासमोर येऊन डोकी वरखाली करायला लागली तर नातं जमल्याचं लिहून ठेवा. दहा मिनिटं एकाच जोडीवर दुर्बीण ठेवा. शंभर बदकं मोजण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

ही लग्नं इथे, आपल्या गोदावरीवर जमतात. आणि मग मार्च-एप्रिलमध्ये नर मादीच्या मागे जातो. मादी परत जाते ती जिथे स्वतः जन्मली त्या भागात, कारण तिथलं पाणी, गवत, शत्रू तिच्या ओळखीचे असतात. म्हणजे ती माहेरी जाते आणि तो घरजावई होतो. त्याचा स्वतःचा जन्म कदाचित हजार किलोमीटर दुसरीकडे झालेला असेल, तिकडे तो परत जाईलच असं नाही. नांदूरच्या पाण्यावर शेजारी शेजारी पोहणारी दोघं दोन वेगळ्या मुलखांतली असू शकतात.

जे सहकुटुंब येतात

खरं कुटुंबासह स्थलांतर पाहायचं असेल तर बदकांच्या मोठ्या भावंडांकडे, कदंबांकडे जावं लागतं. पट्टकदंब नांदूरला एखाद्या हिवाळ्यात थोडे दिसतात, थवे बघायचे तर जायकवाडी बरी. तिबेट, मंगोलिया, लडाखच्या सरोवरांकाठी त्यांची घरटी असतात. मादी उबवते, नर पहारा देतो, आणि पिल्लं झाल्यावर दोघंही हलत नाहीत. पिल्लं वाढत असतानाच आईबापांची पिसं झडून पुन्हा येतात, त्यामुळे सगळं घर साधारण एकाच सुमाराला उडायला तयार होतं. मग आईबाप आणि पोरं एकत्र हिमालय ओलांडतात. यंत्र लावलेला एक पट्टकदंब ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेला आहे. वाट, थांबे, चरायची शेतं पिल्लं आईबापांमागे उडत शिकतात, आणि हिवाळाभर त्यांच्याजवळच राहतात.

ओळखायचं डोक्यावरून. मोठ्यांच्या पांढऱ्या डोक्यावर मागे दोन ठसठशीत काळे पट्टे, पिल्लांना ते नसतात, तिथे नुसता राखी-काळपट डाग. दोन पट्टेवाले आणि त्यांच्याजवळ दोन-तीन बिनपट्ट्यांचे चरत असतील तर ते एक घर. दुसरं घर जवळ आलं की बाप मान जमिनीसरशी करून धावतो, आणि मागोमाग पोरंही. एखाद्याच्या मानेत रंगीत पट्टा किंवा पायात कडी दिसली तर त्यावरचे आकडे-अक्षरं आणि पट्ट्याचा रंग टिपून घ्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

चक्रवाक हा बदकं आणि कदंब या दोघांच्या मधला. जोडी वर्षानुवर्षं टिकते. लडाख-तिबेटात कड्यातल्या बिळात मादी उबवते, नर राखण करतो आणि पिल्लं दोघं वाढवतात. नांदूरला गाळाच्या बेटावर नारिंगी रंगाची दोघं जवळजवळ उभी दिसतील. जिचा चेहरा जास्त पांढरा ती मादी. रात्री नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारणारी म्हणून जुन्या काव्यात त्यांची ताटातूट झाली. संध्याकाळी थोडं उशिरापर्यंत थांबलात तर ती हाक ऐकू येते, आणि तिला उत्तरही येतं.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, नेमकी जागा, जात, मोठी किती, पिल्लं किती, पिल्लांचं वय वरच्या तीन टप्प्यांपैकी कोणतं, आणि सोबत एक पालक की दोन. पाण्याची पातळी आणि विसर्ग चालू होता का, हेही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकणार असाल तर पिल्लांची माहिती शेऱ्यात लिहा, पण घरट्याची अचूक जागा उघड करू नका. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तिथे नवख्यांना घेतात. एखाद्या अनुभवी माणसाशेजारी बसून मोजण्यात जे शिकायला मिळतं ते एकट्याने वर्षभर फिरून मिळत नाही.

आणि एप्रिल-मेमध्ये एक फेरी मुद्दाम करा. पाहुणे गेलेले असतात, पाणी खाली गेलेलं असतं, पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर कोणी नसतं. पाणकणसाच्या कडेला बघत राहा. हळदी-कुंकवाची दोघं एकाच चालीने पोहताना दिसतील. ती कुठल्या गवतात शिरते तेवढं लक्षात ठेवा, आणि ऑगस्टात दुर्बीण तिकडेच रोखा.